फाट्यापासून टर्मिनलपर्यंत: छोट्या विमानतळाला पोचायचं कसं?

वळणवाट

गेल्या महिन्यात एका छोट्या विमानतळावर उतरलो. नाव सांगत नाही. कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट तीच राहील.

विमान हवेत पन्नास मिनिटं होतं. उतरल्यावर बावीस किलोमीटरवरच्या शहरात पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. बस होती, नाही असं नाही. वेळापत्रक विमानाला धरूनच लावलेलं होतं. पण विमान वीस मिनिटं उशिरा आलं आणि बस वेळेवर सुटली. पुढची बस पाच तासांनी. बाहेर चार टॅक्सीवाले उभे होते, चौघांचा भाव एकच आणि तो ऐकून मी बॅग उचलली. चालत फाट्यावर आलो, पावणेतीन किलोमीटर. अर्ध्या रस्त्यात खडी, बॅगेचं एक चाक तिथेच गेलं.

आणि फाट्यावर काय पाहिलं? महामार्गावर दर पंधरा-वीस मिनिटांनी बस. भरभरून येतायत, जातायत. सगळ्या त्याच शहराकडे.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आपण म्हणतो 'विमानतळाला बस सेवा सुरू करा'. सुरू करतातही. उद्घाटन होतं, नारळ फुटतो, सहा महिन्यांनी 'प्रतिसाद नाही' म्हणून बंद होते. प्रतिसाद येईल कुठून? साधा हिशेब बघा. छोट्या विमानतळावर एटीआर ७२ येतं, सत्तरच्या आसपास आसनं. त्यातली पन्नास भरली. पंचवीस जणांना न्यायला घरचे आलेत, पंधरा जण टॅक्सी करणार. उरले दहा. दिवसातून दोन विमानं म्हणजे वीस माणसं, तीही दोन वेगळ्या वेळी. एवढ्यांसाठी गाडी, चालक, वाहक दिवसभर अडकवून ठेवणं कुठल्या आगाराला परवडेल?

म्हणून माझं म्हणणं असं की विमानतळासाठी वेगळी बस काढूच नये. महामार्गावरून जाणारी जी बस आधीच भरून धावते, तीच टर्मिनलवरून वळवून न्यावी. आयर्लंडच्या पश्चिमेला नॉक नावाचा विमानतळ आहे. एका धर्मगुरूने, मॉन्सिन्योर जेम्स होरन यांनी, हट्टाने डोंगरावरच्या दलदलीत बांधून घेतला, १९८६ साली सुरू झाला. तेव्हा लोक हसले होते. तिथे गॉलवे ते डेरी ही लांब पल्ल्याची बस जाता जाता विमानतळावर थांबते. विमान आलं काय, न आलं काय, बस तिच्या मूळ प्रवाशांच्या जिवावर धावतेच.

तुमचं काय मत? विशेषतः बस वाहतुकीतलं कोणी इथे असेल तर वाचायला आवडेल.

शेवटची सीट

+१. बॅगेच्या चाकाबद्दल सहवेदना.

'आहे पण नाही' या प्रकाराचा मुकुटमणी इंग्लंडमधलं टीसाइड एअरपोर्ट स्थानक. १९७१ साली बांधलं. टर्मिनलपासून पंधरा मिनिटं चालत. पुढे पुढे तिथे आठवड्याला दोन गाड्या थांबायच्या, त्याही रविवारी. मग पादचारी पूल वापरायोग्य राहिला नाही म्हणून २०१७ पासून एकच. २०१२-१३ या अख्ख्या वर्षात तिथे आठ प्रवासी नोंदले गेले. आठ! त्यातले निम्मे रेल्वेवेडे असणार, माझ्यासारखे. २०२२ च्या मे महिन्यात तीही गाडी थांबायची बंद झाली.

कागदावर मात्र इतकी वर्षं 'विमानतळ रेल्वेने जोडलेला आहे' असंच होतं.

ढगाआड

मला हे बसचं प्रकरण म्हणजे मलमपट्टी वाटते. एकदाच नीट रेल्वे किंवा मेट्रो न्या ना. ऑस्लोचा गार्डरमोन विमानतळ ८ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झाला तो वेगवान रेल्वेसकटच. आज तिथले बहुसंख्य प्रवासी रेल्वे आणि बसनेच येतात, युरोपात हे प्रमाण क्वचितच कुठे एवढं असेल. आधी सुविधा द्या, मग सवय लागते. 'प्रवासी नाहीत म्हणून सेवा नाही' आणि 'सेवा नाही म्हणून प्रवासी नाहीत' हे चक्र कुठेतरी तोडायलाच हवं.

शेवटची सीट

@ढगाआड, ऑस्लो हा राजधानीचा मुख्य विमानतळ. शिवाय गार्डरमोन सुरू झाला त्या दिवशी जुना फॉर्नेबू बंद केला, म्हणजे जाणार कुठे? धाग्याचा विषय दिवसाला दोन-चार विमानांचा विमानतळ आहे.

उलटं उदाहरण पाहिजे तर माँट्रियलचं मिराबेल घ्या. १९७५ साली सुरू झालं तेव्हा प्रचंड विमानतळ. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. वेगवान रेल्वे येणार होती, टर्मिनलखाली स्थानकासाठी जागा सोडून ठेवली होती. रेल्वे आली नाही. एक महामार्ग तिथपर्यंत पोचायचा होता, तोही अर्धवट राहिला. जवळचा जुना डॉर्व्हल चालूच होता, लोक तिकडेच जात राहिले. २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं थांबली आणि पुढे टर्मिनलही पाडून टाकलं.

ढगाआड

अहो, पण हे तर माझंच म्हणणं झालं! रेल्वे आली नाही *म्हणून* बुडालं.

शेवटची सीट

म्हणून *सुद्धा* बुडालं. विमानं दोन विमानतळांत विभागली, जोडविमान पकडायचं तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जा, हे मोठं दुखणं होतं. रेल्वे आली असती तर वाचलं असतं का, यावर तिकडे अजून वाद घालतात म्हणे. आपण इथे नको घालूया.

छोट्या विमानतळाला रेल्वे केव्हा जमते? रुळ आधीच शेजारून जात असतील तेव्हा. मग नुसता फलाट बांधायचा. स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला १९९४ मध्ये असाच फलाट बांधला, तिथून झाकलेल्या पुलावरून थेट टर्मिनलमध्ये. विमानाचं तिकीट दाखवलं की रेल्वे भाड्यात निम्मी सवलत, हे तिथे कित्येक वर्षं चाललं. साउथएंडला २०११ मध्ये टर्मिनलला खेटून स्थानक झालं. पुढे २०२० नंतर मोठ्या विमान कंपन्या तिथून निघून गेल्या, पण मार्ग मुळात लंडनला जाणाऱ्या नोकरदारांचा, त्यामुळे गाड्या थांबल्या नाहीत. म्हणजे वळणवाट यांचा बसचा मुद्दा रेल्वेलाही लागू आहे: विमानतळ हा मार्गावरचा एक थांबा असावा, मार्गाचं शेवटचं टोक नसावं.

डबल घंटी

बस वाहतुकीतलं कोणी आहे का विचारलंत म्हणून लिहितो. तेवीस वर्षं वाहतूक शाखेत काढली, त्यातली नऊ वेळापत्रक बसवण्यात.

वळणवाट, तुमची कल्पना ऐकायला सोपी आहे. आता तिकीट मशीन माझ्या हातात द्या. फाट्यापासून टर्मिनल पावणेतीन किलोमीटर म्हणता. आत-बाहेर साडेपाच. मुख्य दरवाजावर सुरक्षावाले थांबवणार, गतिरोधक, वळसा, प्रवासी उतरणार, सामान काढणार. बारा मिनिटं धरा. गाडीत आधीच बसलेली अडतीस माणसं आहेत, त्यांना विमानतळाशी काहीही घेणं नाही. कोणाला कोर्टाची तारीख, कोणाला दवाखाना, कोणाला पुढची गाडी गाठायची. प्रत्येकाची बारा मिनिटं गेली. अडतीस गुणिले बारा, चारशे छप्पन्न मिनिटं.

आता टर्मिनलवर उतरणारे किती? समजा पाच. त्यांची पावणेतीन किलोमीटरची पायपीट वाचली, म्हणजे सामान घेऊन माणशी चाळीस मिनिटं. पाच गुणिले चाळीस, दोनशे. चारशे छप्पन्न घालवून दोनशे कमावले. हा धंदा आतबट्ट्याचा. बारा माणसं उतरणार-चढणार असतील तरच गाडी आत घ्यायला अर्थ आहे.

आणि बसमधली अडतीस माणसं काय करतील सांगू? महिनाभर बडबडतील, मग वडापमध्ये बसतील. विमानतळाची बस तर बुडालीच, भरीला चांगली चालणारी फेरीही बुडाली.

वळणवाट

@डबल घंटी, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी फक्त फाट्यावर उभ्या माणसाचा विचार करत होतो, बसमधल्या माणसाचा नाही.

पण मग पर्याय काय? त्याला फाट्यावरच ठेवायचं?

तिरकस_रेघ

थोडक्यात, आपल्याकडे छोट्या विमानतळाच्या प्रवाशाला अधिकृतपणे फाट्यावर मारलं जातं.

शेवटची सीट

=))

डांबरट

हसून झालं असेल तर रस्त्याबद्दल लिहितो. निवृत्त रस्तेवाला आहे, नावावरून कळलंच असेल.

विमानतळ आला की पहिली मागणी 'चौपदरी रस्ता'. कशासाठी? सपाट भागातल्या साध्या दुपदरी रस्त्याची क्षमता इंडियन रोड्स काँग्रेसने दिवसाला १५,००० पीसीयू धरलेली आहे. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजायची, ट्रक असेल तर एकाच्या तीन वगैरे. आता वळणवाट यांची दोन एटीआर घ्या. अगदी खचाखच भरून आली आणि भरून गेली तरी दिवसाला तीनशेच्या आत माणसं. प्रत्येक जण एकटा मोटारीतून आला आणि प्रत्येक मोटार एका बाजूने रिकामी गेली असं धरलं तरी सहाशे फेऱ्या. पंधरा हजारांच्या चार टक्के! चौपदरीकरण विमानतळासाठी लागतच नाही. ते लागत असेल तर ऊस, वाळू आणि मंगल कार्यालयांमुळे.

मग विमान चुकतं कशामुळे? एखाद्याच ठिकाणामुळे. मार्गावर एक रेल्वे फाटक असतं, ते पडलं की दहा मिनिटं गेली, मालगाडीमागून दुसरी आली तर वीस. किंवा बाजारपेठेतून जाणारा दीड किलोमीटरचा तुकडा. किंवा पावसात पाण्याखाली जाणारा एक ठेंगणा पूल. बावीस किलोमीटरपैकी एकवीस ठणठणीत असतात. निधी येतो तो त्या एकवीसवर पुन्हा डांबर ओतायला, कारण तिथे भूसंपादन नाही, काम झटपट होतं आणि फीत कापायला रस्ता लांबलचक दिसतो.

विमानाच्या प्रवाशाला सरासरी वेळेशी कर्तव्य नसतं हे आमच्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. सरासरी चाळीस मिनिटं लागत असतील, पण दहातून एकदा ऐंशी लागत असतील, तर शहाणा माणूस दर वेळी ऐंशी धरूनच निघणार. काउंटर बंद होतं पाऊण ते एक तास आधी. म्हणजे पन्नास मिनिटांच्या विमानासाठी घरून अडीच-तीन तास आधी निघा. त्यापेक्षा रात्रीची बस बरी, निदान झोप तरी होते. फाटकावर एक उड्डाणपूल झाला तर सरासरी फक्त पाच मिनिटांनी घटेल. अहवालात ते क्षुल्लक दिसतं. पण ती ऐंशीची पन्नास झाली, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

अवांतर: दिशाफलक. महामार्गावर बारा किलोमीटर आधी भला मोठा फलक, विमानाच्या चित्रासकट. मग फाट्यावर जिथे वळायचं तिथे काही नाही. असलाच तर आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. आणि मोबाइलचा नकाशा धावपट्टीच्या मधोमध टाचणी लावतो आणि तुम्हाला मागच्या कुंपणाशी नेऊन सोडतो. पलीकडे विमान दिसतंय, मध्ये काटेरी तार. माझ्या डोळ्यांदेखत एक वऱ्हाड असं अडकलं होतं.

खिडकीजवळची

डांबरट काका, वऱ्हाडाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

मला फाट्याबद्दल बोलायचंय. वळणवाट दिवसाउजेडी चालले म्हणून बॅगेचं चाक गेलं, एवढ्यावर निभावलं. संध्याकाळी साडेसातला उतरलेल्या एकट्या बाईने त्या पावणेतीन किलोमीटरचं काय करायचं? दिवे नाहीत, वस्ती नाही, एका बाजूला विमानतळाची भिंत. मी असं एकदा केलंय. अर्ध्या वाटेत एक दुचाकी हळू झाली आणि 'सोडू का' विचारून गेली. त्याच्या मनात काही नसेलही. पण त्यानंतर मी तो विमानतळ कधी वापरला नाही. आता आठ तासांची बस घेते. तुमच्या 'प्रतिसाद नाही' मध्ये मीही एक आहे बरं का.

हिशेबात चाळीस मिनिटांची पायपीट लिहिलीये. माझ्यासाठी ती चाळीस मिनिटं नाहीत, तो रस्ता बंदच आहे.

डबल घंटी

ताई, बरोबर आहे. माझ्या हिशेबात ते आलं नाही. मिनिटांत मोजता येतं तेवढंच आम्ही मोजायचो.

डांबरट

वऱ्हाड: नवरदेव कुंपणावरून जायला तयार होता, मामांनी अडवला. विमान गेलं.

अनुस्वार

पैशाचा एक कोन कोणीच आणला नाही. विमानतळ चालवणाऱ्यांना पार्किंग आणि टॅक्सीच्या परवान्यातून उत्पन्न मिळतं. बसने आलेला प्रवासी त्यांना काही देत नाही. म्हणून बस थांबा कुठे असतो बघा: टर्मिनलपासून लांब, पार्किंगच्या पलीकडे, बहुतेकदा बाहेरच्या दरवाजाशी. ट्रॉली तिथपर्यंत नेऊ देत नाहीत. टॅक्सी मात्र दारात. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेबच तसा आहे.

तो हिशेब उलटवता येतो. लंडनजवळच्या गॅटविकला पार्किंगवर अधिभार आहे आणि त्यातून सार्वजनिक वाहतुकीला पैसे दिले जातात. ब्रिटनमध्ये १९९८ च्या वाहतूक श्वेतपत्रिकेनंतर विमानतळांनी स्थानिक संस्था आणि वाहतूकदारांना एका टेबलाशी बसवून 'पोचण्याचा आराखडा' करायचा, अशी पद्धत पडली. आपल्याकडे रस्ता एकाचा, बस दुसऱ्याची, विमानतळ तिसऱ्याचा आणि फाटक रेल्वेचं. चौघांची गाठ पडते ती उद्घाटनाच्या मांडवात.

ढगाआड

बरं, रेल्वेचा हट्ट सोडतो (तात्पुरता). पण बस चांगली असेल तर चालते हेही मान्य करा. बेंगळुरूचा नवा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून वायु वज्र बस आहेत, शहराच्या वेगवेगळ्या भागांतून, रात्री-अपरात्रीही. लोक भरभरून वापरतात. तिथे रेल्वेचा हॉल्ट जानेवारी २०२१ मध्ये झाला, टर्मिनलपर्यंत जोडबसही आहे, पण गाड्या इन-मीन मोजक्या, त्यामुळे बसची सर त्याला येत नाही.

शेवटची सीट

मान्य. तो मोठा विमानतळ आहे म्हणून वेगळ्या बस परवडतात, हे सोडून सगळं मान्य.

डेन्मार्कमधलं बिलुंड मात्र या धाग्यात हवंच. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा विमानतळ, आणि रेल्वे नाही. सगळं बसवर. लंडनजवळच्या लुटनचं बघा: रेल्वे स्थानक १९९९ मध्ये झालं, पण ते टेकडीखाली आणि टर्मिनल वर. मधल्या दोनेक किलोमीटरला दोन तपं बस होती, २०२३ मध्ये स्वयंचलित गाडी आली. आणि स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला २०२३ मध्येच नवं 'विमानतळ' स्थानक झालं, तेही टर्मिनलपासून किलोमीटरभराहून जास्त लांब. म्हणजे फाट्याचा प्रश्न सगळीकडे आहे, फक्त त्यांच्याकडे फाट्याला छप्पर आहे.

पाळी_नंबर_तीन

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. हा धागा वाचून राहवलं नाही. मी एका छोट्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे.

सगळे प्रवाशांचंच बोलताय. प्रवासी वर्षातून चार वेळा येतो. मी तीनशे वेळा येतो. आमच्याकडे सुरक्षा, सफाई, अग्निशमन, हवाई वाहतूक नियंत्रण, कॅन्टीन, पार्किंग, विमान कंपन्यांचे लोक धरून तीन पाळ्यांत अडीचशेवर माणसं आहेत. विमान रद्द झालं तरी आम्ही येतोच. पहिलं विमान सव्वासहाला, म्हणजे मी चारला हजर. त्या वेळी कुठली बस? दुचाकी. पावसाळ्यात दोन जण घसरून हाडं मोडून घेतलीत.

बस कोणाच्या जिवावर चालेल विचारत होता ना? आमच्या. आम्हाला पास द्या, पाळीच्या वेळा धरा. प्रवासी वर बोनस समजा.

आणखी एक. बड्या लोकांसाठी नव्हे, पण सुरक्षावाल्यांना आणि काही कंपन्यांच्या लोकांना आणायला मिनीबस आहे. ती फाट्यापर्यंत आणि पुढे गावापर्यंत दिवसातून सहा वेळा जाते. एका बाजूने भरलेली, दुसऱ्या बाजूने रिकामी. प्रवासी फाट्याकडे चालत असतात आणि त्यांच्या शेजारून ती रिकामी जाते. चालक म्हणतो, थांबलो तर नोकरी जाईल.

वळणवाट

@पाळी_नंबर_तीन, ती गाडी माझ्याही शेजारून गेली होती!! पांढरी, काचांना पडदे. मला वाटलं कुणाची खाजगी असेल.

डबल घंटी

चालक बरोबर म्हणतो. ती गाडी कंत्राटी परवान्यावर असणार. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे अशा गाडीला वाटेत माणूस घ्यायचा आणि माणशी भाडं घ्यायचं, हे करता येत नाही. त्याला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. फुकट नेलं तरी अपघात झाला तर विम्याची भानगड.

पण हा गुंता सुटण्यासारखा आहे. ती मिनीबसची फेरी आगारानेच घ्यावी. कर्मचाऱ्यांचे पैसे कंत्राटातून आजही कोणीतरी देतंच आहे, ते आगाराला द्या. गाडी फाटा ते टर्मिनल येरझाऱ्या घालेल, पाळीच्या वेळी गावापर्यंत. विमानाच्या वेळी फाट्यावर. भाडं कमीत कमी टप्प्याचं.

माझा आधीचा हिशेब आता परत मांडतो. फाट्यावर जोडगाडी असेल तर वाट बघणं दहा मिनिटं आणि आत जाणं पाच. मग लांब पल्ल्याची गाडी आत वळवून माणशी पंधराच मिनिटं वाचतात, चाळीस नाही. चारशे छप्पन्न भागिले पंधरा, म्हणजे तीसहून जास्त माणसं उतरणार असतील तरच मोठी गाडी आत न्यायची. एवढी कधीच नसतात. प्रश्न मिटला, मोठी गाडी महामार्गावरच राहू द्या.

वळणवाट

म्हणजे धाग्याचा मूळ मुद्दा धाग्यानेच खोडला. हरकत नाही.

एक शंका. विमान उशिरा आलं तर? माझा खरा घोळ तोच होता.

डबल घंटी

पावणेतीन किलोमीटरची येरझारी गाडी थांबू शकते. तिच्यापुढे कोणाचं काही अडत नाही. बावीस किलोमीटरची गाडी थांबवली तर तिची पुढची फेरी कोलमडते, चालकाची पाळी वाढते, रात्रपाळीचा हिशेब बिघडतो. म्हणून तुमचा वाहक थांबला नाही. त्याला शिव्या दिल्या असतील तर परत घ्या.

फक्त त्याला विमानाची खबर मिळायला हवी. आम्हाला ती कधीच मिळायची नाही. विमान उशिरा आहे हे आतल्या फलकावर लागतं, भिंतीपलीकडच्या चालकाला कोण सांगणार? टर्मिनलवरच्या कोणीतरी एक फोन करायचा, एवढंच काम. ते कोणाच्या कामाच्या यादीत नसतं.

अनुस्वार

विमान कंपन्यांनाही यात ओढता येतं. लुफ्तान्साची स्ट्रासबर्ग ते फ्रँकफुर्ट विमानतळ बस आहे. तिला विमानासारखा क्रमांक, तिकीट एकच. तसं झालं की बस चुकणं ही प्रवाशाची एकट्याची डोकेदुखी राहत नाही, कंपनीचीही होते. मग फोन आपोआप होतात.

खिडकीजवळची

बसचं वेळापत्रक मोबाइलच्या नकाशावर आलं तरी निम्मं काम होईल. आता शोधलं तर नुसती टॅक्सी दाखवतो. आणि टर्मिनलच्या आत, सामान येतं त्या पट्ट्याशेजारी, पुढची बस किती वाजता हे लिहिलेला एक फळा. खडूने लिहिलेला चालेल. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाले घेरतात तेव्हा 'बस नाही आज' हेच ऐकायला मिळतं, आणि खरं-खोटं करायला जागा नसते.

तिरकस_रेघ

शिफारशींची यादी: फळा, खडू, फोन. विमानतळ विकासाचा एवढा स्वस्त आराखडा मंजूर होणं अवघड आहे.

ढगाआड

वाचनखूण साठवली. रेल्वेचा मुद्दा वेगळ्या धाग्यात.

पाळी_नंबर_तीन

डबल घंटी साहेब, जोडगाडी, परवाना, करार हे सगळं व्हायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर एक काम होण्यासारखं आहे. फाट्यावर एक दिवा लावा. पहाटे साडेतीनला महामार्गावरच्या गाडीतून आमची दोन पोरं उतरतात, मी त्यांना दुचाकीवर घेतो. अंधारात गाडी फाट्यापुढे जाऊन थांबते, कधी थांबतच नाही. चालकाला फाटा दिसत नाही.

डबल घंटी

खरं आहे. आम्हीही अंदाजानेच थांबायचो, एका मोठ्या चिंचेच्या खुणेवर. ते झाड रुंदीकरणात गेलं.

वळणवाट

दिव्यासाठी अर्ज करायला मी तयार आहे. मसुदा इथे टाकतो, सगळ्यांनी बघा. अर्ज कोणाच्या नावे करायचा? डांबरट काका?

डांबरट

तेच बघतोय. महामार्गाच्या कडेपासून हद्दीच्या दगडापर्यंत महामार्गवाल्यांचं. पोचरस्ता बांधकाम खात्याचा, विमानतळाकडे वर्ग झाला नसेल तर. वीजबिल भरायचं ग्रामपंचायतीने, पण फाटा बहुधा दोन गावांच्या शिवेवर असतो. खांब नक्की कुठे रोवायचा ते आधी सांगा. चार फूट इकडे की तिकडे, त्यावर अर्जाचं नाव ठरेल.

वळणवाट

रविवारी टेप घेऊन जातो.